विहिरीतली बाटली

१

हंबीरराव खराडे मेला तो भरल्या ताटावर. पंच्याहत्तर सालचा एप्रिल, दुपारचे बारा. त्यानं ताकाचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला, "डोकं फुटाय लागलंय" म्हणाला आणि ताटाशेजारीच आडवा झाला. तासाभरात सगळं आटोपलं. वय तेवीस. पलटणीतला शिपाई, दोन महिन्यांच्या रजेवर घरी आलेला.

मी पोचलो तोवर बोरजाईवाडीनं खटला चालवून निकालसुद्धा देऊन टाकला होता. बायकोनं विष घातलं. एवढी घाई आमच्या खात्याला कधी जमली नाही.

मी म्हणजे फौजदार नारायण सोमण. वाईच्या भिक्षुकाच्या घरात जन्मून पोलिसात गेलो तेव्हाच घरच्यांनी माझ्यापुढं हात टेकले होते. डोकं तापट, जीभ तिखट, आणि त्या दोन्हींच्या कृपेनं कवठे महांकाळच्या कोरड्या टापूत येऊन पडलेला. बरोबर हवालदार केरबा. जीपही तोच चालवायचा, कारण दुसऱ्या कुणाला ती चालू करता येत नव्हती.

ओट्यावर हंबीररावची आई चंद्राबाई बसली होती. पन्नाशीची, वाळकी, ताठ बाई. नवरा पासष्टच्या लढाईत गेलेला. ती रडत नव्हती. मला बसा म्हणाली नाही की पाणी विचारलं नाही. सरळ बोलायला लागली आणि सगळं क्रमानं सांगून मोकळी झाली.

सुनेचं नाव अंजना. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. चंद्राबाई लेकाची दुसरी बायको करायच्या विचारात होती आणि सुनेला ते कळलं होतं. लेक रजेवर आल्यापासून सून त्याचं जेवण वेगळं रांधायची. चंद्राबाईनं एकदा आमटी चाखून बघितली, तर मिठाचा कण नाही. अळणी घास कुणाला काढतात? भुताखेताला. मग एका सकाळी तिनं सुनेला बाटलीतून पांढऱ्या गोळ्या काढताना पाहिलं. सून त्या गुळात दाबून नवऱ्याला देत होती. बाटलीवर नाव नाही, गाव नाही. चंद्राबाईनं देवऋषी गाठला. तो म्हणाला, पोराला खायला घालून बांधून टाकलंय. दृष्ट मिठानं उतरते तसं हेही मिठानंच उतरेल.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"बाटली उचलली आन हिरीत टाकली. आज आठ दिस झालं. आन तवापास्नं तिची पाठ फिरली की त्येच्या ताकात मुठीनं मीठ घालत हुते. त्योबी गटागटा प्यायचा. म्या आडवी पडले म्हनून आठ दिस तरी वाचला माझा लेक, सायेब. तरीबी तिनं डाव साधला."

ही जबानी मी शब्दन् शब्द लिहून घेतली. इतकी सरळ साक्ष मला नोकरीत कधी मिळाली नव्हती. दिवस मावळायच्या आत पोलीसपाटलाच्या बायकोला सोबत घेऊन मी अंजनाला जीपमध्ये बसवलं.

२

अंजना एकवीस वर्षांची, आटपाडीकडची, सातवी शिकलेली. ठाण्यात मी तिला तीन तास विचारलं. बाटली कसली? उत्तर नाही. गोळ्या कुठून आणल्यास? उत्तर नाही. अळणी का रांधायचीस? नाहीच. मी ओरडलो, टेबलावर हात आपटला, फासाची भीती घातली. आज सांगताना लाज वाटते. ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. शेवटी एवढंच बोलली.

"म्या न्हाई मारलं, साहेब. पर मला सोडवायची खटपटबी करू नगासा."

खरा माणूस असला तर बोंब मारतो, चोर असला तर खोटं बोलतो. हे तिसरंच काहीतरी होतं. मी मात्र डायरीत 'आरोपी मुजोर' असं लिहून झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ आकाराम याला गाठलं. वय वीस. चेहरा हुबेहूब हंबीररावचा, अंगानं थोडा बारीक. खराड्यांची रीत अशी की थोरल्यानं पलटण धरायची आणि धाकट्यानं नांगर. तीन पिढ्या तसंच चालत आलेलं. थोरला गेल्यावर दहा एकर जमीन आता एकट्या आकारामची झाली होती, म्हणून माझा त्याच्यावरही डोळा होता. उन्हानं दगड भाजून निघत होते आणि हा पठ्ठ्या पूर्ण बाह्यांच्या सदऱ्याची मनगटापर्यंत बटणं लावून घामाघूम बसलेला. वहिनी कशी आहे विचारलं, तर म्हणाला, देवमाणूस. मग तिनं विष घातलं असं तुला वाटतं का, विचारलं. तो उठला आणि गोठ्यात जाऊन बैलांपुढं कडबा टाकू लागला.

मी अंजनाची कोठडी वाढवून घेतली आणि तिला सांगलीच्या तुरुंगात धाडलं. मुंबईहून विषाच्या तपासणीचा अहवाल यायला तीन महिने तरी लागणार होते. चौथ्या दिवशी मी कामानं तिकडं गेलो, तेव्हा तुरुंगातली रंगुबाई जमादारीण फाटकातच आडवी आली. पोरगी अन्नाला शिवत नव्हती. रात्रंदिवस भिंतीकडं तोंड करून पडून असायची.

"तीन म्हैनं म्हंता व्हय?" रंगुबाई म्हणाली. "तीन आठवडं काडायची न्हाई ती. तुमच्या फाशीला काय कामच ऱ्हायाचं न्हाई."

३

शवविच्छेदन डॉ. चारुलता मराठे यांनी केलं होतं. सांगलीत डॉक्टरकीच्या पोरांना शरीररचना शिकवायच्या. चाळिशीच्या, चष्मा केसांवर चढवून तोच शोधत बसणाऱ्या. मला पाहताच म्हणाल्या, तुमचा शिपाई विषानं मेला असं मला वाटत नाही, मेंदूत रक्ताची गुठळी होती लिंबाएवढी. मी म्हटलं, सरकारी वकील म्हणतो की एखाद्या औषधानंही शीर फुटू शकते. त्या म्हणाल्या, शकते, मी नाही म्हणणार नाही. माझा पाराच चढला. पण बाईंनी तोवर कपाटातून एक बरणी काढून माझ्यापुढं ठेवली होती.

बरणीत दोन मूत्रपिंडं होती. एक नेहमीच्या आकाराचं. दुसरं वरच्या बाजूला आक्रसलेलं, खडबडीत.

बाईंनी समजावून सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. मूत्रपिंडाला रक्त नेणारी धमनी बहुतेकांना एकेक असते. काहींना जन्मापासून दोन असतात, क्वचित तीनसुद्धा. हंबीररावच्या डाव्या मूत्रपिंडाला दोन होत्या. त्यातली वरची सुतळीएवढी बारीक, आणि आत आणखी आवळलेली. वरच्या भागाला रक्त पुरत नव्हतं.

"पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्याला पोचत नाही, तेव्हा तिथला माणूस काय करतो?" बाईंनी विचारलं.

"मोटेवाल्याच्या नावानं बोंबलतो."

"आणि मोटेवाला जोर करतो. वाफा काही भिजत नाही, पण वरचे बांध फुटायला लागतात. याचं तसंच झालं. उपाशी मूत्रपिंड रक्तात असं द्रव्य सोडतं की सगळ्या अंगाचा दाब चढतो. पोराला रक्तदाब होता, फौजदार. जन्मानं दिलेला."

मी खुर्चीतून उठलोच. म्हणजे पोरगी सुटली. बाईंनी मला हातानं खाली बसवलं आणि टेबलाच्या खणातून एक जाड वही काढली. आठ वर्षांत फाडलेल्या प्रत्येक देहाच्या मूत्रपिंडाच्या धमन्या त्यांनी त्यात काढून ठेवल्या होत्या. एकशे बारा देह. त्यांत एकतीस जणांना जादा धमनी. कोणी नव्वदीत म्हातारपणानं गेलेला, कोणी विहिरीत पडून. त्यांच्यापैकी बहुतेकांची हृदयं अगदी धडधाकट होती.

"जादा धमनी म्हणजे रक्तदाब, असं मी कोर्टात शपथेवर सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या. "ती बारीक असली, आवळलेली असली, तर होऊ शकतो. झाला होता हे सिद्ध करायला त्याचा दाब जिवंतपणी कुणीतरी मोजलेला पाहिजे. तेवढं आणा, बाकी माझ्यावर सोडा."

मी कवठे महांकाळपासून सांगलीपर्यंत झाडून सगळ्या डॉक्टरांकडं माणूस धाडला. हंबीरराव खराडे नावाचा रोगी कुणाच्याच वहीत नव्हता. पलटणीकडं तार केली. दहा दिवसांनी हंबीररावच्या भरतीच्या डॉक्टरी तपासणीच्या कागदाची नक्कल आली. तपासणी साताऱ्याला, दीड वर्षापूर्वी. रक्तदाब एकशे अठरा, खालचा शहात्तर. ठणठणीत.

त्याच टपालात रंगुबाईनं कुणाकडून तरी लिहून घेतलेली चिठ्ठी होती. पोरीला नळीनं दूध घालायला लागले होते.

४

तो कागद मी डॉ. चारुलतांच्या टेबलावर जवळजवळ फेकला. तुमचं ते मूत्रपिंड बरणीतच ठेवा, म्हटलं. दीड वर्षापूर्वी पोराला काही नव्हतं. म्हणजे जे झालं ते नंतर झालं, आणि नंतर म्हणजे त्या गोळ्या. माझ्याच हातानं मी पोरीच्या गळ्यात दोर आवळत होतो.

बाई रागावल्या नाहीत. दुसरी बरणी घेऊन आल्या. त्यात हंबीररावचं हृदय होतं. मधोमध कापलेलं. डाव्या कप्प्याच्या भिंतीवर त्यांनी पट्टी धरली. नेहमीच्या दुप्पट जाड.

दाब वाढला की हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, त्या म्हणाल्या, आणि तालमीत दंड वाढतो तशी ही भिंत वाढते. मी विचारलं, दोन महिन्यांत वाढेल? नाही. सहा महिन्यांत? एवढी नाही. एवढी व्हायला चार-पाच वर्षं पाहिजेत.

हृदय म्हणत होतं, दाब चार-पाच वर्षांपासूनचा. कागद म्हणत होता, दीड वर्षापूर्वी काहीच नव्हतं. मी म्हटलं, मोजणाऱ्याची चूक झाली असेल. बाईंनी मान हलवली. दहा-वीस अंकांची होते. इतकी नाही.

"मांस खोटं बोलत नाही, फौजदार," त्या म्हणाल्या. "कागदही खोटा दिसत नाही. मग एकच उरतं. हा कागद या माणसाचा नाही."

कागदाच्या तळाशी ओळखीची खूण लिहिलेली होती. मी ती वाचली आणि बाईंना शवविच्छेदनाची टिपणं काढायला सांगितली. कागदावर होतं, उजव्या कोपराखाली भाजल्याचा तीन इंची व्रण. हंबीररावच्या दोन्ही हातांवर ओरखडासुद्धा नव्हता.

मला तो मनगटापर्यंत बटणं लावलेला सदरा आठवला.

५

आकाराम शेतात होता. मी बांधावर उभं राहून एवढंच म्हटलं, उजवी बाही वर कर. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग घराकडं बघितलं, आणि बटणं काढायला लागला. शेवटचं बटण केरबानं काढलं. कोपराखाली जुना, चकचकीत व्रण होता. लहानपणी गुऱ्हाळात काकवी सांडून झालेला.

त्यानं सांगितलं ते असं. हंबीरराव पहिल्यांदा भरतीला गेला तेव्हा धावला, छाती फुगवली, सगळ्यात पहिला आला. डॉक्टरनं हाताला पट्टा बांधून दाब मोजला आणि परत पाठवला. म्हणाला, तुझं प्रेशर फार आहे, मोठ्या दवाखान्यात जा. दोघा भावांना ते हसण्यावारी वाटलं. एकविसाव्या वर्षी कुणाला प्रेशर असतं काय? ते म्हाताऱ्यांचं दुखणं. पोराच्या अंगात रग आहे म्हणून पारा चढला, एवढंच. पण तीन पिढ्यांची रीत मोडणार होती आणि आईला काय सांगणार? छाती अर्धा इंच कमी भरली, असं तिला सांगितलं. पुढच्या भरतीला दोघं मिळून गेले. धावायला, उडी मारायला हंबीरराव. फक्त डॉक्टरच्या तंबूत त्याच्या नावानं आकाराम शिरला. चेहरा तोच, कोण ताडून बघतो?

"आन्ना म्हनला, एवढं पट्टा बांधायचं काम कर, गड्या," आकाराम म्हणाला. थोरल्याला तो आन्ना म्हणायचा. "साहेब, त्यो पट्टा माझ्या हाताला बांधला नसता तर त्यो आज जित्ता असता."

तो ढेकळात बसून लहान पोरासारखा रडला. वहिनी तुरुंगात असताना तू गप्प का बसलास, असं मी दरडावून विचारलं. तो म्हणाला, वैनीनंच सांगितलं होतं. जीपमध्ये चढताना ती त्याच्या कानाशी एवढंच बोलली होती की भावजी, तुमी तोंड उघडलंसा तर तुमीबी जाल.

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. मग आणखी काय ठाऊक होतं तिला? परतताना ढवळगावच्या वळणावर माझ्या डोक्यात आलं. भाऊ भावाच्या नावानं तंबूत शिरला होता. मग दुसराही भावाच्या नावानं कुठंतरी शिरला असेल. मी केरबाला जीप सांगलीकडं वळवायला सांगितलं.

६

दुसऱ्याच दवाखान्यात सापडलं. डॉ. मधु आगाशे, गणपती पेठेच्या मागं बसायचे. वहीत आदल्या वर्षीच्या मे महिन्यात आकाराम खराडे असं नाव. रक्तदाब दोनशे दहा, खालचा एकशे तीस. मी खिशातून हंबीररावचा वर्दीतला फोटो काढला. आगाशे लगेच म्हणाले, हाच. बरोबर बायको होती, तीच सगळं विचारत होती. मी गोळ्या दिल्या, मीठ संपूर्ण तोडा म्हटलं. तरण्या माणसाला एवढा दाब म्हणजे मूत्रपिंडाचं काहीतरी असणार, मुंबईला दाखवा, म्हणून बजावलं. ती दर दोन महिन्यांनी येऊन गोळ्या न्यायची, त्याला पार्सलनं पाठवायची. बाटलीवरचा नावाचा कागद फाडून गोळ्या द्या म्हणायची.

तुरुंगाच्या दवाखान्यात अंजना खाटेवर पडली होती. डोळे आत गेलेले. मी आगाशेंच्या वहीतलं पान तिच्यासमोर धरलं. तिनं वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं.

मग ती हळूहळू बोलली. लग्नानंतर सहा महिन्यांत तिला कळलं की नवऱ्याचं डोकं ठणकतं, नाकातून रक्त येतं, कधी कधी दिसेनासं होतं. मागल्या मे महिन्यात तो रजेवर आला, तेव्हा तिनंच त्याला ओढून सांगलीला नेलं. त्यानं नाव भावाचं सांगितलं आणि बाहेर येऊन तिच्याकडून स्वतःच्या गळ्याची आण घेतली. हे फुटलं तर मी घरी आणि आकाराम जेलात, म्हणाला. पलटणीत तो गोळ्या बुटात लपवून ठेवायचा. रजेवर आल्यावर ती स्वतः मोजून द्यायची. मरणाच्या आठ दिवस आधी बाटली नाहीशी झाली. तिनं सगळं घर धुंडाळलं. सांगलीला जाऊन दुसरी आणते म्हणाली, तर तो म्हणाला, कशाला, दहा दिवसांनी रजा संपली की मीच घेईन, सारखी कुठं जातीस म्हणून आई आधीच संशय घेते.

"म्या हट्ट कराय पायजे हुता," अंजना म्हणाली. "अळनी जेवन हुतं, त्येच्यावर भिस्त ठेवली."

मिठाचं तिला माहीत नव्हतं. मी ते सांगितलं नाही, आगाशेंचं पान घडी करून खिशात घातलं.

त्या दिवशी ठाण्यात येऊन मी डायरी काढली. चंद्राबाईची जबानी, शब्दन् शब्द. बाटली हिरीत टाकली. मुठीनं मीठ घालत हुते. हंबीररावला कशानं मारलं ते पहिल्याच दिवशी माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, आणि ते लिहून मी दुसरीलाच पकडून नेलं होतं. इतका मोठा गाढव सातारा-सांगलीच्या पोलिसात दुसरा झाला नसेल.

डॉ. चारुलतांना सांगितलं तेव्हा त्यांनी बरणी उचलून कपाटात ठेवली. गोळ्यांवर तो काही वर्षं काढू शकला असता, म्हणाल्या. आणि शस्त्रक्रियेनं ते एक मूत्रपिंड काढलं असतं, तर कदाचित दाब उतरलाही असता, दुसऱ्याच्या जोरावर म्हातारा झाला असता. पलटणीत मात्र घेतला नसता.

७

आगाशेंचं पान, फोटो ओळखल्याची त्यांची जबानी आणि बाईंचा अहवाल, एवढ्यावर मॅजिस्ट्रेटनं अंजनाला सोडलं. भरतीचा कागद मी फायलीला लावला नाही. तो कुठं गेला हे मला विचारू नका. एक भाऊ जाळून झाला होता, दुसऱ्याला आत घालून मला पदक नको होतं.

फाटकाबाहेर अंजनानं दोन गोष्टी मागितल्या. बोरजाईवाडीहून तिची ट्रंक घ्यायची आणि आटपाडीला बापाकडं सोडायचं. दुसरी गोष्ट, आत्यांना, म्हणजे सासूला, बाटलीचं सांगायचं नाही. ती कुणी टाकली हे तिनं ताडलं होतं.

मी भडकलो. त्या बाईनं तुला फासावर चढवायला काढलं आणि तू तिची काळजी करतेस?

"माझ्यावरचा राग, एवढंच ऱ्हायलंय त्यांच्याजवळ," अंजना म्हणाली. "त्योबी काडून घेतला तर कशावर जगायचं त्यांनी?"

मी शब्द दिला.

चंद्राबाई ओट्यावरच होती. महिन्याभरात निम्मी झालेली. अंजना तिच्या समोरून मान खाली घालून आत गेली. म्हातारी शिव्या देईल म्हणून मी तयारीत होतो, पण तिनं पदर सारखा केला आणि माझ्याकडं वळली. मी सरकारी आवाजात सांगितलं की मृत्यू नैसर्गिक, मेंदूतली शीर फुटली, विष नाही, सुनेला कोर्टानं निर्दोष सोडलंय.

"शीर कशानं फुटली?"

प्रेशरनं, मी म्हटलं. जन्मापासून त्याच्या मूत्रपिंडात खोट होती, कुणाचा दोष नाही. कुणाचा दोष नाही हे मी दोनदा म्हटलं.

"मंग त्या गोळ्या?"

"डोकं दुखायचं त्याचं. त्यावरच्या होत्या."

तिनं माझ्याकडं बघितलं. चौकशी करायची माझी सवय. माझ्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं.

"डोकेदुखीच्या गोळ्या कुनी रोज सकाळी मोजून देतं व्हय?" ती म्हणाली. ती हळू आवाजात, स्वतःशीच बोलावं तशी पुढं बोलू लागली. "आमच्या पोलीसपाटलाला परेशर हाय. डाक्तरनं त्येचं मीठ तोडलंय, समदं अळनी खातोय. पर त्यो म्हातारा. पोराला कुठं परेशर असतंय म्हनून माझ्या ध्येनातच आलं न्हाई. माझ्या लेकालाबी डाक्तरनंच सांगितलं हुतं का, सायेब, अळनी?"

तिला थांबवायला मी काहीतरी बोलायला हवं होतं. आयुष्यभर ज्याला त्याला तोडून बोललो, आणि त्या घटकेला मला एक शब्द सुचला नाही.

"म्हंजी ती त्येला जगवत हुती," चंद्राबाई म्हणाली.

पुढचं वाक्य ती बोलली नाही. उठली, पदर खोचला, आणि अनवाणी चालत जीपशी गेली. मागची झडप तिनं स्वतः उघडली, आत चढली आणि बाकावर बसली. मी मागं गेलो तेव्हा तिनं दोन्ही हात मनगटं जोडून माझ्यापुढं धरले.

"तिला कंच्या कलमाखाली नेलीसा? त्येच्याखालीच मला न्या."

मी म्हटलं, मावशी, तसं कलम नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं. कायद्यात हा गुन्हा होत नाही.

"ठावं नव्हतं म्हनून त्यो माघारी येतोय व्हय?"

मी उतरा म्हटलं. विनवलं. शेवटी खेकसलोसुद्धा. आकाराम धावत आला, तिच्या पायाला मिठी मारून आये, आये करत राहिला. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. हात तसेच पुढं धरलेले. शेजारपाजारची माणसं आपापल्या दारात आली होती, पण पुढं कुणी येत नव्हतं.

अंजना ट्रंक घेऊन बाहेर आली. तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. ट्रंक तिनं ओट्यावर ठेवली आणि जीपशी येऊन उभी राहिली. सासूनं मान वर केली. दोघी एकमेकींकडं बघत होत्या. मग अंजना आत चढली आणि समोरच्या बाकावर बसली. तिनं सासूचे ते पुढं धरलेले हात खाली केले नाहीत की धरलेही नाहीत.

केरबानं जीप चालू केली होती. आरशातून मागं बघत त्यानं विचारलं, साहेब, गाडी कुठं घ्यायची.

मी त्याला इंजिन बंद करायला सांगितलं. तरी दोघींतली एकही उतरली नाही.